पाच पाकिटांतला गहू

अण्णांच्या तेराव्याला पीठ कमी पडणार, हे आदल्या दिवशी सकाळी लक्षात आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आतल्या खोलीतून कोणीतरी पत्र्याचा एक डबा आणून माझ्यापुढं ठेवला आणि हा गहू चालेल का म्हणून विचारलं. मी झाकण काढलं. दहा-बारा किलो गहू असेल. दाण्यांना राख चोळलेली होती. मी म्हणाले, धुवा, अंगणात वाळत घाला आणि दळून आणा.

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. राख चोळून बाजूला ठेवलेलं धान्य म्हणजे पेरणीचं बियाणं, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरींनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. त्या सकाळी ते डोक्यात आलं नाही, एवढंच.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते नेकनूरला एकटेच राहायचे आणि मी अंबाजोगाईला दोन खोल्यांत एकटी. लग्न मी केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फारशी सांगण्यासारखी नाही. दर रविवारी केजवरून जाणारी सकाळची बस धरून मी नेकनूरला यायचे. त्यांच्यासाठी भाकरी-कालवण करायचे, घर झाडायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. बोलणं फार नसायचं. ते ओसरीवर बसून दोरी वळत, मी उंबऱ्याशी बसून पेपर तपासत असे. दोघांनाही ते पुरत होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

बाकीची जमीन त्यांनी बटईनं दिली होती. नाल्याकाठची खालची पट्टी मात्र स्वतःकडं ठेवली होती. तिच्यात दर साली एकच पीक, काळ्या कुसळाचा बन्सी गहू. गावात सगळ्यांनी लोकवन धरला त्याला किती वर्षं झाली असतील. लोकवनाला चार-पाच पाणी द्या, खत द्या, तो बुटका राहतो आणि घर भरून देतो. अण्णांच्या गव्हाला पाणी चालायचंच नाही. दिलं की तो वाढत सुटायचा आणि आडवा पडायचा. पावसाळ्यात काळ्या रानात मुरलेली ओल आणि हिवाळ्यातलं दहिवर, एवढ्यावर तो यायचा. उत्पन्न बेताचं. ढगाळ हवा आली की तांबेरा पडायची भीती. पण ओंबीवरची लांब काळी कुसळं अशी राठ की पाखरं तोंड लावायची नाहीत. दाणा लांबट, पिवळसर, उन्हात धरला तर काचेसारखा आरपार दिसायचा. आई त्याच्या शेवया करायची. शिजवल्यावर एकीला एक चिकटायची नाही.

हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं, शिकले मात्र कॉलेजात. पश्चिम आशियातल्या डोंगरउतारांवर रानगवतांचा आपोआप संकर झाला, त्यातला एक माणसानं हाताशी धरला, तो खपलीचा पूर्वज. खपलीचा दाणा टरफलात अडकलेला असतो, कांडावा लागतो. पुढं कधीतरी मळताच मोकळा होणारा दाणा कोणाच्या तरी नजरेत भरला, त्याचा वंश म्हणजे आपला बन्सी. खपलीत आणि बन्सीत गुणसूत्रं अठ्ठावीस, रोजच्या पोळीच्या गव्हात बेचाळीस. हजारो वर्षं हातोहात येत हे दाणे दख्खनच्या काळ्या मातीत पोचले आणि इथल्या कोरड्या थंडीला सरावले. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहीत होते. खालच्या पट्टीत जाऊन अण्णांना मात्र एकदाही विचारलं नाही, की तुम्ही बियाणाला ओंबी कशी निवडता.

आश्विनात ते आजारी पडले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "खालच्या पट्टीला वाफसा आला असंल का गं?"

वाफसा म्हणजे पेरण्याजोगी झालेली ओल. मला काहीच कल्पना नव्हती. मी म्हटलं, "आला असेल."

"मग पेरायला पायजे."

"बरे व्हा, मग पेरू," मी म्हणाले. त्यांनी मान वळवली. त्यानंतर ते शेतीचं बोलले नाहीत.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दोन रविवार मी नेकनूरला गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा सगळ्या शिवारात पेरण्या चाललेल्या होत्या. खालची पट्टी तेवढी मोकळी. मला वाटलं, यंदा आपणच पेरावं. घरी येऊन बियाणं शोधायला लागले. कोठी पाहिली, उतरंडीतली मडकी पाहिली. मग तो पत्र्याचा डबा हातात आला. तळाला बोटभर राख होती. मी तिथंच जमिनीवर बसले. रडू आलं नाही. कोणाला सांगावं तेच कळेना. बस यायला चार तास होते आणि मी ते चार तास त्या खोलीतच काढले.

शेजाऱ्यांना विचारून पाहिलं, कोणाकडं तो गहू आहे का. सगळ्यांचं उत्तर एकच, असला गहू फक्त तुमच्याच घरी राहिला होता. एकानं समजुतीनं सांगितलं, बाई, लोकवन पेरा, त्यात काय एवढं.

त्याच हिवाळ्यात कधीतरी मला ती जीप आठवली. मी सातवीत असेन. शेतावर जीप आली होती आणि तिच्यातून दोन माणसं उतरली होती. त्यांच्याकडं कापडी पिशव्या आणि शाईचा पेन होता. ती गावोगाव फिरून जुन्या गव्हाचे नमुने गोळा करत होती. अण्णांनी त्यांना खळ्यावरच्या राशीतून दोन ओंजळी दिल्या. जीप गेल्यावर आई म्हणाली होती, कशाला दिलं, काय करणार आहेत ते? अण्णा म्हणाले होते, "मागितलं, दिलं. बी मागणाऱ्याला न्हाई म्हणत न्हाईत."

तो नमुना कुठं जाऊ शकतो, हे मला आता ठाऊक होतं. मी कॉलेजच्या नावानं एका मोठ्या बियाणे बँकेला पत्र लिहिलं. महिन्याभरानं तिथल्या एका अधिकारी बाईंचा फोन आला. त्या हिंदीत बोलत होत्या, आवाज शांत होता. त्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यातून आलेले जुने जिरायती गहू त्यांच्याकडं पाच आहेत. चांदीच्या कागदासारख्या पाकिटांत, बर्फाहूनही कितीतरी थंड खोलीत. प्रत्येकाला क्रमांक आहे, गोळा केलेलं ठिकाण आहे. देणाऱ्याचं नाव मात्र नाही. तेव्हा ते लिहून घ्यायची पद्धतच नव्हती. मी नेकनूर म्हटलं तेव्हा कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, हो, एक नेकनूरचा आहे.

मी तो क्रमांक विचारून हातावरच लिहून घेतला.

त्यांनीच सुचवलं की पाचही मागवून घ्या. त्या काळी माणसं दिवसभर फिरायची आणि मुक्कामाला पोचल्यावर कागद भरायची, त्यामुळं गावांची अदलाबदल झालेली असू शकते. पेरा, ओंबी येऊ द्या आणि कोणाला तरी ओळखायला लावा. मी बरं म्हणाले. कोणाला, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

पाच पाकिटं टपालानं आली. प्रत्येकात चाळीसेक दाणे. मी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडून ठेवली. एक बीडजवळच्या गावाचं, नाव नुसतं 'बन्सी'. एक पाटोद्याकडचं, 'काळी कुसळ'. एक केजकडचं, 'खपली'. एक माजलगाव तालुक्यातलं. स्थानिक नावाच्या जागी 'माहीत नाही' असं लिहिलेलं. आणि पाचवं नेकनूरचं. त्या संध्याकाळी मी जेवले ती पाकिटं समोर ठेवूनच. घरात कोणीतरी आल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या दिवाळीनंतर पेरलं. बटईदाराला न सांगता, माझी मीच. दोरी लावून पाच ओळी काढल्या, खुरप्यानं रेघ मारली, एकेक दाणा हातानं टाकला. नेकनूरचा मधल्या ओळीत. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी काठी रोवून तिला क्रमांकाची पट्टी बांधली. पुढच्या रविवारी चार ओळींत हिरव्या सुया दिसायला लागल्या होत्या. मधली ओळ मोकळी. त्याच्या पुढच्या रविवारीही मोकळीच. मी बोटानं माती उकरून एक दाणा बाहेर काढला. तो फुगला होता, पण दाबल्यावर आतून पांढरा लगदा आला.

बियाणे बँकेतल्या बाईंना फोन केला. त्यांच्याकडं त्या क्रमांकाचे थोडे दाणे शिल्लक होते. ते त्यांनी तपासणीला लावले. ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवून मोड येतो का ते पाहतात. पंधरा दिवसांनी त्यांनी कळवलं, एकही आला नाही. बँकेत पोचेपर्यंतच दाणा जुना झाला असावा, असं त्या म्हणाल्या. मग, मला फार वाईट वाटतंय, असंही म्हणाल्या. त्यांचा माझा परिचय नव्हता. तरी अण्णा गेल्यानंतर मला नीट पोचलेलं पहिलं वाक्य ते होतं.

तरी मी दर रविवारी जात राहिले. गावांची अदलाबदल झालेली असू शकते, हे वाक्य धरून.

त्या फेऱ्यांतच मावशी पुन्हा भेटली. मावशी म्हणजे आमच्या शेतात पूर्वी सुगीला येणारी बाई. माझ्या लहानपणी गव्हाच्या कापणीत ती सगळ्यांच्या पुढं असायची. आता पंच्याहत्तरीची असेल. तिची दोन्ही मुलं आणि सुना दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते चैत्रात परत येतात. ती पूर्वी त्यांच्याबरोबर जायची; आता गुडघे चालत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सहा महिने ती घरात एकटी असते. एका रविवारी मी पट्टीत गेले तर ती बांधावर बसलेली होती. "तुझ्या गव्हात बकऱ्या शिरत व्हत्या, म्हनून बसले," म्हणाली. पुढच्या रविवारीही ती होती. मग मी डब्यात दोघींचं आणायला लागले. आम्ही बांधावर बसून जेवायचो. ती तिच्या मुलांचं सांगायची, कोणत्या कारखान्यावर आहेत, फोन कधी आला होता. मी ऐकायचे. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण सवय नव्हती.

फेब्रुवारीत ओंब्या पिवळ्या पडल्या. एका रविवारी मी तिला म्हटलं, "मावशी, ह्यातला अण्णांचा कोणता ते सांग."

ती उठली आणि पहिल्या ओळीशी गेली. बीडकडच्या बन्सीची कुसळं पांढरी होती. तिनं हातही लावला नाही. "ह्यो न्हाई." खपली तर मलाही ओळखता येत होती, ती पुढं सरकली. पाटोद्याच्या ओळीशी मी तिच्या पुढं गेले, कारण तिथं कुसळं काळीभोर होती. मावशीनं गव्हाचं एक ताट बुडापासून उपटलं, ओंबीच्या खाली मोडलं आणि नखानं चाचपलं. काडी पोकळ होती.

"तुझ्या बापाच्या गव्हाची काडी भरीव व्हती," ती म्हणाली. "तू ल्हान असताना पिपाणी करायला तोडायचीस अन् वाजत न्हाई म्हनून रडायचीस. इसरलीस का?"

मी विसरले होते. भरीव काडी हा बन्सीच्या काही जातींचा गुण आहे, हे मी वर्गात सांगत आले होते. ती माझ्या तोंडात होती हे मला आठवत नव्हतं.

शेवटची ओळ माजलगावची, नाव नसलेली. तिचा दाणा तांबूस आणि ओंबी आखूड, त्यामुळं तो अण्णांचा नाही हे मला दुरूनच दिसत होतं. मी तसं म्हणालेही. पण मावशीनं सवयीनं ओंबी मुठीत धरली आणि ती तशीच उभी राहिली. मग अंगठा वरून खाली फिरवला. पुन्हा फिरवला. ओंबीच्या टरफलांवर बारीक लव होती. ती मी पाहिली होती, वहीत टिपूनही ठेवली होती.

"हे कुठून आनलंस?"

"माजलगाव तालुक्यातून आलेलं आहे. नाव माहीत नाही म्हणून लिहिलंय."

"उंदऱ्या हाय ह्यो," ती म्हणाली. "आमच्या गावचा. माझी माय पेरायची. उंदराच्या पाठीवानी हाताला लागतंय म्हनून उंदऱ्या म्हनायचे. हात लावून बघ."

मी हात लावला. खरंच तसं लागत होतं.

मी कागदावर लिहिलेलं गाव वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. तेच तिचं माहेर. माजलगावचं धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. तिचं लग्न त्याआधीच होऊन ती नेकनूरला आली होती. माहेरची माणसं वर पुनर्वसनाच्या गावठाणात गेली. तिथं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. जिरायती गहू कोणी पेरलाच नाही. तिची आई नव्या घरात दोन वर्षंही जगली नाही. हे सगळं तिनं ओंबी हातात धरूनच सांगितलं. रडली नाही. मधेच एक दाणा काढून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली, चिकट गोळी होईपर्यंत.

आम्ही बांधावर येऊन बसलो. मला तिच्यासाठी आनंद होत होता आणि त्याच वेळी एवढं एकटं वाटत होतं की ते अंगावर ओझ्यासारखं आलं. तिचं गाव पाण्याखाली गेलेलं आणि तिचा गहू सापडला. माझं शेत माझ्या पायाखाली होतं. तेव्हा मी तिला जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"मावशी, अण्णांचं बियाणं मीच दळायला दिलं. तेराव्याला."

"ठावं हाय," ती म्हणाली. "धुतलं मीच की."

मला ते मुळीच आठवत नव्हतं. अंगणात पाच-सहा बायका होत्या, त्यात ती असणार. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"कावून बोलू? तू शिकलेली. मला वाटलं, तुला ठावं हाय. आता पेरनारं कोन ऱ्हायलं, म्हनून तूच संपवायलीस, असं वाटलं मला."

तिनं विचारलं असतं तर एका शब्दात सगळं थांबलं असतं. आणि तिनं विचारलं नाही, कारण तिला वाटलं मुलीनं बापाचं आवरतं घेतलंय. त्यात तिचा दोष काढायला जागाच नव्हती. माझ्याकडं पाहून कोणालाही तसंच वाटलं असतं. थोड्या वेळानं तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, ओंबीच्या कुसळांनी खरखरीत झालेला, आणि तो लगेच काढूनही घेतला.

मी त्या आठवड्यात बियाणे बँकेला कळवलं. माजलगावच्या क्रमांकापुढं 'माहीत नाही' होतं तिथं 'उंदऱ्या' लिहावं, ओंबीवर लव, कोणत्या महिन्यात पेरत, भाकरीत मिसळत की पोळी करत, हे मावशीनं सांगितलं तसं लिहिलं. पेरणाऱ्या बाईचं नाव म्हणून तिच्या आईचं नाव दिलं. बाईंनी ते नोंदवून घेतलं. मग मी विचारलं की ज्याचं बियाणंच उरलं नाही अशा गव्हाची नोंद होते का. त्या म्हणाल्या, बियाण्याशिवाय क्रमांक मिळत नाही. पण तुम्ही लिहून पाठवा, मी नेकनूरच्या कागदाबरोबर लावून ठेवते.

मी लिहायला बसले. उंची छातीएवढी. कुसळं काळी, राठ. दाणा लांबट, काचेसारखा. काडी भरीव, एवढं मावशीचं. पाणी चालत नाही. शेवया मोकळ्या होतात. एक पान जेमतेम भरलं. पेरणी कोणत्या नक्षत्रावर, बियाण्याची ओंबी शेंड्याची घ्यायची की मधली, राख कोणत्या लाकडाची, तांबेरा दिसला तर अण्णा काय करत, यातलं मला काहीच सांगता येत नव्हतं. पन्नास वर्षं मी त्या गव्हाच्या शेवया खाल्ल्या होत्या. मी ते एक पान पाठवून दिलं.

दुसऱ्या वर्षी खालच्या पट्टीत आम्ही उंदऱ्याच पेरला, मावशीनं आणि मी. मला ओळ सरळ काढता येत नाही म्हणून ती बांधावरून रागवायची. ते मला बरं वाटायचं. पीक चांगलं आलं. एक दिवस ती म्हणाली, माझा भाऊ अजून हाय, त्याला दाखवायचंय. मुलं ऊसतोडीवरून आलेली नव्हती, तेव्हा मीच तिला घेऊन गेले. बीडला बस बदलून माजलगाव, तिथून रिक्षा. तिच्या मांडीवर गाठोड्यात दोन किलो गहू आणि वर ओंब्यांची एक जुडी होती.

भाऊ तिच्याहून लहान, पण वाकलेला. पत्र्याच्या घरापुढं बाजेवर बसला होता आणि चारी बाजूंनी ऊस. मावशीनं ओंबी त्याच्या हातात दिली. त्यानंही तसाच अंगठा फिरवला, वरून खाली. मग तो हसला आणि त्यानं बहिणीला लहानपणच्या कुठल्याशा नावानं हाक मारली, जी मी कधी ऐकली नव्हती. ती दोघं बोलायला लागली. कोणाच्या खळ्यावर कोण होतं, मायनं कोणाला पोळी दिली नव्हती, कोणता बैल गव्हात शिरला होता. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होते. त्यातल्या कोणालाही मी ओळखत नव्हते. चहा आला, तो प्याले.

बऱ्याच वेळानं भावाचं माझ्याकडं लक्ष गेलं. हे कुठं ठेवलं होतं, असं त्यानं विचारलं. मी थंड खोलीचं सांगितलं. गाव बुडालं तेव्हाही हे तिथंच होतं का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, "तुमच्याकडं कंचा व्हता?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. नाल्याकाठची पट्टी, दहिवर, उन्हात धरलेला दाणा. अण्णा ओंबी तोडून कानाशी हलवायचे, वाळली का पाहायला. हे मला तिथं बोलता बोलताच आठवलं, पानावर लिहिलेलं नव्हतं. तो मन लावून ऐकत होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून कोणीतरी सांगितलं, लाईट आली. उसाला पाणी द्यायची त्याची पाळी होती आणि लाईट किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता. तो चप्पल घालून मोटार सुरू करायला गेला. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली, मग बस चुकेल म्हणून निघालो. जाताना मावशीनं गव्हाचं गाठोडं बाजेवर ठेवलं.

बीडहून आम्हाला अंबाजोगाईची बस मिळाली. मावशी खिडकीशी बसली आणि डोळे मिटून राहिली. नेकनूरला ती उतरली. नीट दिसत नसल्यामुळं तिनं मागं वळून पाहिलं नाही, रस्त्याच्या कडेकडेनं चालायला लागली. बस हलली. केजपर्यंत माझ्या शेजारी कोणी येऊन बसलं नाही.